विनोदातील प्रथमपुरुष : मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शन-अभिनयाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

मराठी बोलपटाच्या पहिल्या दीड दशकाचा इतिहास प्रामुख्याने ‘प्रभात’च्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटांची थोरवी निर्विवाद आहे. मात्र या थोरवीच्या छायेत त्याच काळातील काही महत्त्वाच्या कर्तृत्वांची नोंद केवळ नामोल्लेखापुरती उरली. विनायक दामोदर कर्नाटकी ऊर्फ मास्टर विनायक (१९०६-१९४७) हे अशा कर्तृत्वांपैकी अग्रगण्य होत. कोल्हापुरात जन्मलेल्या या कलावंताने १९३५ ते १९४७ या अवघ्या बारा वर्षांत पंधराहून अधिक चित्रपटांचे दिग्दर्शन केले. त्यांपैकी अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाले. यासोबत त्यांचा अभिनय आणि चित्रसंस्थांची उभारणीही चालू होती.

विनायकांविषयी सामान्यतः दोन विधाने केली जातात. पहिले असे की, ते मराठी चित्रपटातील विनोदाचे प्रवर्तक होते. दुसरे असे की, त्यांनी वि. स. खांडेकर, प्र. के. अत्रे यांच्यासारख्या साहित्यिकांना चित्रपटात आणले. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु दोन्ही अपुरी आहेत. पहिल्यात विनोदाची जात कोणती हे सांगितले जात नाही. दुसऱ्यात दिग्दर्शकाकडे केवळ निमंत्रकाची भूमिका येते आणि श्रेय लेखकाच्या खात्यावर जमा होते. प्रस्तुत लेखात या दोन विधानांना जोडणारा दुवा शोधण्याचा प्रयत्न केला आहे. विनायकांच्या ठायी दिग्दर्शक आणि नट एकत्र नांदत होते, या वरवर साध्या वाटणाऱ्या गोष्टीत तो दुवा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

कोल्हापूरची पार्श्वभूमी

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट सादर केला. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात विनायकही होते. म्हणजे त्यांची जडणघडण बोलपटाच्या आरंभापासूनच नट म्हणून झाली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ने पुण्यास स्थलांतर केले. कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायाला हा मोठा धक्का होता. या पोकळीत संस्थानच्या आश्रयाने ‘कोल्हापूर सिनेटोन’ उभी राहिली. बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर आणि विनायक ही परस्परांशी नात्याने बांधलेली मंडळी येथे एकत्र आली. भालजींनी १९३४ मध्ये ‘आकाशवाणी’ दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी ‘विलासी ईश्वर’द्वारे विनायकांनी दिग्दर्शनात पदार्पण केले. मामा वरेरकरांच्या कथेवरील हा चित्रपट शोभना समर्थ यांचाही पहिला चित्रपट होय.

पदार्पणातच विनायकांनी पौराणिक वा ऐतिहासिक विषय न निवडता नाटककाराची सामाजिक कथा निवडली, ही बाब लक्षणीय आहे. बोलपटाच्या प्रारंभकाळी पुराणकथा ही निर्मात्यांच्या दृष्टीने सुरक्षित वाट होती. ‘प्रभात’मधील प्रारंभीचे चित्रपटही बहुतांशी त्याच वाटेने गेले. विनायकांनी मात्र समकालीन सुशिक्षित मध्यमवर्गाकडे कॅमेरा वळवला आणि पुढील दशकभर तो बहुतेक तेथेच राहिला.

हंस पिक्चर्स : लेखकाधिष्ठित संस्था

१९३६ मध्ये विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी ‘हंस पिक्चर्स’ची स्थापना केली. दिग्दर्शक, नट आणि छायालेखक यांची ही भागीदारी होती. चौथा पाय लेखकाचा होता. ‘हंस’चा पहिला चित्रपट ‘छाया’ (१९३६) हा खांडेकरांच्या कथेवर आधारलेला होता. त्यानंतर ‘धर्मवीर’ व ‘प्रेमवीर’ (दोन्ही १९३७) यांचे लेखन अत्र्यांनी केले. ‘ज्वाला’ (१९३८) व ‘देवता’ (१९३९) पुन्हा खांडेकरांचे, तर ‘ब्रह्मचारी’ (१९३८) व ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) पुन्हा अत्र्यांचे. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून शिक्षक असलेले खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापुरास आले ते या चित्रपटलेखनामुळे. खांडेकरांच्या पुढील साहित्यजीवनाचे कोल्हापूर हेच केंद्र ठरले. चित्रपटाने साहित्यावर केलेल्या परिणामांचा विचार करताना हा स्थलांतराचा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो.

खांडेकर आणि अत्रे हे दोन ध्रुवांवरचे लेखक होत. एक ध्येयवादाचा भाष्यकार, तर दुसरा ध्येयवादाच्या अतिरेकाचा विडंबनकार. ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकात अत्र्यांनी व्यायामाच्या वेडासह अनेक छंदांची खिल्ली उडवली होती. ‘उल्का’ (१९३४) मध्ये खांडेकर ध्येयनिष्ठेची शोकात्म बाजू मांडत होते. एकाच दिग्दर्शकाने एकाच वेळी या दोघांची कथानके हाताळावीत, याची संगती कशी लावायची? व्यावसायिक गरज हे एक उत्तर संभवते. गंभीर चित्रपटाने रुतलेले चाक विनोदी चित्रपटाने बाहेर काढावे, हा हिशेब तेव्हाही होता. परंतु केवळ या उत्तरावर थांबल्यास चित्रपटांमधील आंतरिक साम्य निसटते.

हे साम्य असे की, दोन्ही प्रकारच्या चित्रपटांच्या केंद्रस्थानी सुशिक्षित तरुणाचा निश्चय आहे. ‘छाया’मध्ये दारिद्र्य आणि प्रतिष्ठा यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसांची शोककथा आहे. तेथे निश्चयाला परिस्थिती पुरून उरते. ‘ब्रह्मचारी’मध्ये निश्चयाला माणसाचा स्वभावच पुरून उरतो. पहिल्या ठिकाणी प्रेक्षक हळहळतो, दुसऱ्या ठिकाणी हसतो. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. उच्चारलेला आदर्श आणि जगता येणारे आयुष्य यांतील अंतर किती? १९३० नंतरच्या महाराष्ट्रात व्याख्याने, व्रते, आश्रम, आखाडे आणि संघटना यांनी तरुणांपुढे आदर्शांची रांग उभी केली होती. त्या काळाचा हा कळीचा प्रश्न होता. खांडेकर आणि अत्रे यांची दोन उत्तरे विनायकांनी आळीपाळीने पडद्यावर तपासली, असे म्हणता येते.

‘ब्रह्मचारी’ : हास्याचे लक्ष्य कोण?

‘ब्रह्मचारी’चा नायक औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण आहे. ब्रह्मचर्य आणि देशसेवा यांची महती गाणारे व्याख्यान ऐकून तो भारावतो, आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, खोलीतील सिनेनट्यांची चित्रे काढून टाकतो आणि व्यायामाला लागतो. पुढे किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि प्रतिज्ञा ढासळते. किशोरीची भूमिका मीनाक्षी शिरोडकर यांनी केली. पोहण्याच्या पोशाखातील त्यांच्या गाण्याने त्या काळी मोठी खळबळ उडवली. दुर्दैवाने चित्रपटाची चर्चा पुढे त्या गाण्यापुरतीच सीमित झाली. वस्तुतः त्या प्रसंगाचे नाट्य एका बाजूला नाही. पोहण्याच्या पोशाखातील किशोरी आणि तिच्यासमोर आपला निश्चय सावरू पाहणारा औदुंबर या दोघांच्या मधल्या अंतरात ते आहे. प्रसंगाचा विनोद औदुंबराच्या धडपडीतून निर्माण होतो आणि तो औदुंबर स्वतः दिग्दर्शक आहे.

या ठिकाणी मराठी विनोदी गद्याची परंपरा आठवणे आवश्यक ठरते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा, गडकऱ्यांचा बाळकराम आणि चि. वि. जोशी यांचा चिमणराव या तिघांत एक समान सूत्र आहे. तिघेही प्रथमपुरुषी निवेदक आहेत. हसवणारा आणि हास्यास्पद ठरणारा एकच. ‘मी’ सांगतो आणि ‘मी’च फजीत पावतो. या योजनेमुळे विनोदाला दंश असूनही तुच्छता येत नाही. वाचक निवेदकाला हसतो, पण त्याच्या पंक्तीला बसूनच. उंचावर उभे राहून खालच्याला हसणे या परंपरेला मानवले नाही.

चित्रपटाला असा प्रथमपुरुष सहजासहजी लाभत नाही. कॅमेरा पात्राकडे बाहेरून पाहतो. पडद्यावरील व्यक्ती स्वभावतःच तृतीयपुरुषी असते. त्यामुळे छापील विनोदातील ‘मी’ पडद्यावर येताना ‘तो’ होण्याचा धोका असतो. अत्र्यांच्या विडंबनात मुळातच प्रहाराचा जोर अधिक. ते एखाद्या परक्या दिग्दर्शकाच्या हाती पडले असते, तर औदुंबर केवळ टवाळीचा विषय झाला असता. विनायकांनी ही भूमिका स्वतः केल्यामुळे चित्रपट सांगणारा आणि चित्रपटात फजीत पावणारा पुन्हा एक झाले. गद्यातील प्रथमपुरुषाला पडद्यावर मिळालेला हा पर्याय होय.

याला एक पुरावा चित्रपटातच आहे. प्रतिज्ञा घेतल्यावर औदुंबर सिनेनट्यांची चित्रे दूर करतो. चित्रपटच चित्रपटाच्या मोहाची थट्टा करतो आणि ती थट्टा करणारा माणूस स्वतः सिनेमाच्या व्यवसायात मुरलेला आहे. संयमाच्या उपदेशकांना हसताना विनायक आपल्या धंद्यालाही त्यातून वगळत नाहीत. ‘ब्रह्मचारी’ला निव्वळ चळवळविरोधी टिंगल म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावयास हवा.

चार्ली चॅप्लिन यांच्याशी येथे तुलना सुचते. ‘सिटी लाइट्स’ (१९३१) आणि ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) मध्ये चॅप्लिन हे लेखक, दिग्दर्शक व नट अशा तिन्ही भूमिकांत आहेत. त्यांचा भटक्या शब्दावाचून बोलतो. त्याची फजिती जगाच्या कोणत्याही बाजारपेठेत कळते. विनायकांनी लेखणी दुसऱ्याच्या हाती दिली आणि विनोद शब्दांवर, म्हणजे मराठी बोलीच्या लकबीवर उभा केला. त्यामुळे त्यांचा विनोद दूरवर प्रवास करू शकला नाही. मात्र त्यामुळेच तो आपल्या समाजाच्या तपशिलांत अधिक खोल शिरला. औदुंबर समजण्यासाठी तत्कालीन व्याख्यानमालेची भाषा ठाऊक असावी लागते.

‘मी’ दूर गेल्यावर

हे प्रतिपादन पडताळून पाहण्यासाठी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) हा चित्रपट उपयुक्त आहे. तोवर ‘हंस’ची मंडळी ‘नवयुग चित्रपट’ या नव्या संस्थेत आली होती. चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना या चित्रपटाने पडद्यावर आणले. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, तर विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. ही जोडी इतकी रूढ झाली की, १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ हा पुढचा चित्रपट निघाला. लोकप्रियतेच्या दृष्टीने हे यश मोठे होते.

परंतु पुस्तकातील चिमणराव स्वतःची हकीकत स्वतः सांगतो आणि आपल्या भित्रेपणावर साळसूदपणाचे पांघरूण घालताना पकडला जातो. वाचकाला मिळणारी गंमत या पकडले जाण्यात आहे. पडद्यावर दामुअण्णांचा चिमणराव आपल्याला समोर दिसतो. त्याने काही सांगण्याआधीच त्याचा चेहरा सर्व सांगून टाकतो. अभिनय उत्तम, जोडी बहारदार. तरी विनोदाचे स्वरूप पालटते. स्वतःला लपवू पाहणारा निवेदक जातो आणि प्रसंगांत सापडणारी विनोदी व्यक्ती उरते. चि. विं.च्या विनोदाचे हे अवमूल्यन आहे असे नाही; ते माध्यमांतर आहे. मात्र ‘ब्रह्मचारी’मध्ये दिग्दर्शकाने स्वतः पात्राच्या जागी उभे राहून जे साधले, ते येथे साधण्याची सोय उरली नाही, हे मान्य करावे लागते.

‘ब्रँडीची बाटली’ या दोन टोकांच्या मध्ये येतो. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी लागू झाली आणि त्याच वर्षी हा चित्रपट आला. औषधासाठी ब्रँडी हवी आणि ती म्हणजे काय हेच ठाऊक नाही, अशा भोळ्या माणसाची वणवण हे त्याचे सूत्र. कायद्याच्या हेतूला चित्रपट धक्का लावत नाही. हेतू शुद्ध असूनही त्याची वाट सामान्य माणसाच्या दारावरून कशी वेडीवाकडी जाते, एवढेच तो दाखवतो. नैतिक धोरणाकडे त्याच्या कक्षेत येणाऱ्या लहान माणसाच्या बाजूने पाहणे हा विनायकांच्या विनोदाचा स्थायी विशेष येथेही आढळतो.

मर्यादा

विनायकांच्या कर्तृत्वाच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली मर्यादा दृश्यभाषेची. शांतारामांच्या चित्रपटांत प्रकाश, चौकट आणि ध्वनी हे अर्थाचे वाहक होतात. पांडुरंग नाईक यांच्यासारखा छायालेखक भागीदार असूनही विनायकांच्या चित्रपटांत अर्थाचा भार मुख्यतः संवाद आणि अभिनय यांवरच राहतो. लेखकाला दिलेल्या मानाची ही किंमत होती.

दुसरी मर्यादा ‘ज्वाला’मध्ये प्रकर्षाने जाणवते. ‘अमृतमंथन’ (१९३४) मुळे गाजलेल्या चंद्रमोहन यांना घेऊन काढलेला हा भव्य चित्रपट ‘मॅकबेथ’च्या धर्तीवरील महत्त्वाकांक्षेची कथा सांगतो. तो व्यावसायिकदृष्ट्या अयशस्वी ठरला. अपयशाचे कारण केवळ खर्चात शोधणे पुरेसे नाही. महत्त्वाकांक्षी सेनानी हा विनायकांच्या परिचयाच्या जगातला माणूस नव्हता. मोडणारी प्रतिज्ञा त्यांना ओळखीची होती; वाढत जाणारी सत्ताकांक्षा नव्हे.

तिसरी मर्यादा स्त्रीचित्रणाची. किशोरी धीट आहे, आपली इच्छा व्यक्त करणारी आहे. १९३८ च्या पडद्यावर हे धाडसच होते. तथापि कथेतील तिचे कार्य औदुंबराचा निश्चय मोडणे एवढेच राहते. निश्चय त्याचा, फजिती त्याची आणि शहाणपणही त्याचेच. विनोदातील प्रथमपुरुष हा शब्दशः पुरुषच राहिला. ‘मी’च्या जागी स्त्री उभी राहिली असती तर हसण्याची दिशा कशी बदलली असती, हा प्रश्न त्या चित्रपटाने विचारला नाही. खांडेकरांच्या कथेवरील ‘अमृत’ (१९४१) मध्ये ललिता पवार यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री आहे. पण तेथे विनोदाचा प्रांतच नाही.

उत्तरकाळ आणि वारसा

१९४३ च्या सुमारास विनायकांनी ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था काढली. खांडेकरांच्या कथेवरील ‘माझं बाळ’ (१९४३) हा तिचा महत्त्वाचा चित्रपट. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले होते. मराठी चित्रपटाचे अर्थकारण आक्रसत होते. पुढे संस्था मुंबईस गेली आणि विनायक हिंदीकडे वळले. नूरजहाँ यांची भूमिका असलेला ‘बडी माँ’ (१९४५), शांता आपटे यांचा ‘सुभद्रा’ (१९४६) आणि ‘जीवनयात्रा’ (१९४६) हे या पर्वातील चित्रपट. येथे तारकांचे वलय आहे, संगीत आहे. परंतु ज्याच्या बोलीच्या लकबीवर विनोद उभा होता तो मराठी प्रेक्षक समोर नाही. १९ ऑगस्ट १९४७ रोजी वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी विनायकांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेला ‘मंदिर’ दिनकर द. पाटील यांनी पूर्ण केला. १९४८ मध्ये प्रकाशित झालेल्या या चित्रपटात विनायकांची कन्या नंदा बालकलाकार म्हणून प्रथम पडद्यावर आली.

विनायकांच्या संस्थांतून पुढे आलेल्या माणसांची यादी त्यांच्या चित्रपटांच्या यादीइतकीच बोलकी आहे. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथांच्या निधनानंतर लता मंगेशकरांना आधार मिळाला तो विनायकांच्या संस्थेत. ग. दि. माडगूळकर ‘ब्रह्मचारी’च्या काळात ‘हंस’मध्ये उमेदवारी करीत होते. राजा गोसावी यांनी ‘प्रफुल्ल’मध्ये अगदी खालच्या पायरीवरून सुरुवात केली. पुढे माडगूळकरांची लेखणी, राजा गोसावींचा अभिनय आणि राजा परांजपे यांचे दिग्दर्शन ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) मध्ये एकत्र आले. स्वतः अत्र्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’ला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. अत्र्यांची चित्रपटलेखनातील पायाभरणी ‘हंस’मध्ये झाली होती, हे येथे विसरता येत नाही.

या वारशात राजा परांजपे यांचे स्थान वेगळे आहे. ‘ऊन पाऊस’ (१९५४) आणि ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मध्ये दिग्दर्शक परांजपे स्वतःच नायक आहेत आणि दोन्हीकडे त्यांनी स्वतःसाठी सोसणाऱ्या, साध्या माणसाची भूमिका निवडली. विनायकांनी हसण्याच्या जागी स्वतःला ठेवले. परांजपे यांनी त्या जागेत करुणा मिसळली. दिग्दर्शकाने पडद्यावर स्वतःसाठी वरची जागा न घेण्याची ही मराठी रीत कोल्हापूरच्या चित्रभूमीत रुजली, असे म्हणावयास आधार आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, विनायकांचे गंभीर आणि विनोदी चित्रपट हे परस्परविरोधी गट नसून सुशिक्षित मध्यमवर्गाच्या निश्चयाची ती दोन अंगांनी केलेली तपासणी आहे. दोन, मराठी गद्यविनोदातील प्रथमपुरुषी निवेदकाचे कार्य त्यांनी दिग्दर्शक-नट या दुहेरी भूमिकेतून पडद्यावर साधले आणि ‘ब्रह्मचारी’ हे त्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण होय. तीन, ही जुळणी जेथे सुटली, तेथे चित्रपट लोकप्रिय झाला तरी विनोदाची जात बदलली.

याचा संबंध आपल्या अध्यापनाशीही आहे. खांडेकर, अत्रे, चि. वि. जोशी यांचे अध्ययन करताना त्यांचे चित्रपटलेखन हे उदरनिर्वाहाचे साधन मानून परिशिष्टात टाकण्याची सवय साहित्याभ्यासाला जडली आहे. आणि चित्रपटाच्या अभ्यासकाला गद्यविनोदाची परंपरा आपल्या कक्षेबाहेरची वाटते. या दोन ज्ञानशाखांच्या मधल्या जागेत विनायक हरवले. आज त्यांना वाचावयाचे तर ‘सुदाम्याचे पोहे’ आणि ‘ब्रह्मचारी’ एकाच तासाला वर्गात यावे लागतील. आदर्शांच्या घोषणा आजही कमी झालेल्या नाहीत. त्या घोषणांकडे पाहताना आधी स्वतःला हसण्याची रीत ज्याने पडद्यावर रुजवली, त्या कलावंताचे मोल केवळ ऐतिहासिक मानणे उचित होणार नाही.